खेळाची मजुरी : विजय सॅम्युअल हजारे यांचे जीवन



दिवाळी झाली की आपल्या चर्चमधील बाके ओस पडू लागतात. टोळ्या निघतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार चढतो आणि आपल्या धर्मग्रामातील कित्येक कुटुंबे सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे उसाच्या फडावर जातात. पुढे पट्टा पडेपर्यंत त्यांची ख्यालीखुशाली फोनवरच कळते. अशाच एका रविवारी मिस्सानंतर आवारात मुले क्रिकेट खेळत होती. त्यांतल्या एकाने आम्हांस विचारले की फादर, ही विजय हजारे ट्रॉफी म्हणतात ते विजय हजारे कोण होते? आम्ही सांगितले, ते सांगलीचे, मराठी आणि ख्रिस्ती. मुलाला आश्चर्य वाटले. त्याचे आई-बाप त्या वेळी त्याच मुलखात ऊस तोडत होते आणि तिथे आपल्यातला एवढा मोठा माणूस जन्मला हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून हा लेख.

हजारे यांच्या धावांचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. त्यांच्या आयुष्यातील एक भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. भारताचा हा नामवंत फलंदाज १९४९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडातील एका गिरणीगावात पगारी खेळाडू म्हणून गेला होता. परगावी जाऊन घामाचे पैसे मिळवणे म्हणजे काय, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. म्हणून त्या भागाकडे आपण थोडे सविस्तर पाहू.

मास्तरांच्या घरातील मुलगा

विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे झाला. वडील शाळामास्तर, घरी आठ भावंडे. मास्तरांचा पगार आणि खाणारी तोंडे यांचा मेळ कसा घालावा लागत असेल याची कल्पना आपण करू शकतो. त्या काळी क्रिकेट हा संस्थानिकांचा आणि साहेबांचा खेळ होता. गरिबाच्या मुलाला त्यात टिकायचे तर कोणातरी राजाचा आश्रय लागे. राजे लोक चांगल्या खेळाडूला दरबारी नोकरीत ठेवीत. नोकरी नावाची, काम खेळण्याचे. हजारे यांनाही असा आश्रय मिळाला आणि त्या आश्रयामुळेच ऑस्ट्रेलियाचे प्रसिद्ध लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन लाभले.

हजारे यांची उभे राहण्याची पद्धत जरा विचित्र होती. बॅट दोन्ही पॅडच्या मध्ये धरून ते उभे राहत. पुस्तकी नियमात ती बसत नव्हती. ग्रिमेट यांनी ती बदलू नये असाच सल्ला दिला. शिकवणाऱ्याचे शहाणपण कधी कधी हात न लावण्यात असते, हे आपल्यातील शिक्षकांनी आणि आई-वडिलांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

१९४० च्या जानेवारीत पुण्यात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध खेळताना त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी स्पर्धेतील ते पहिले त्रिशतक. ज्यांच्याविरुद्ध एवढ्या धावा केल्या त्याच बडोद्याने पुढे त्यांना आपलेसे केले. गायकवाडांचे बडोदे हेच मग त्यांचे कायमचे घर झाले.

बाकीच्यांचा संघ

मुंबईत त्या काळी एक मोठी स्पर्धा भरत असे. तीत संघ धर्मावर ठरत. हिंदूंचा एक संघ, मुसलमानांचा एक, पारशांचा एक, युरोपियनांचा एक. १९३७ पासून पाचवा संघ आला. ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू, बौद्ध अशा सर्वांना एकत्र करून त्याला ‘रेस्ट’ म्हणजे बाकीचे असे नाव देण्यात आले. नावातच सारे आले. ज्यांना कुठेही जागा नाही ते बाकीचे. हजारे या संघाकडून खेळत.

१९४३ च्या स्पर्धेत मोठीच चुरस झाली. या स्पर्धेतील सर्वाधिक धावांचा विक्रम विजय मर्चंट यांच्या नावावर होता. हजारे यांनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ धावा करून तो मोडला. ब्रेबोर्न स्टेडियमवरील अंतिम सामन्यात मर्चंट यांनी नाबाद २५० करून तो परत घेतला. हिंदू संघाच्या ५ बाद ५८१ धावा झाल्या. उत्तरादाखल बाकीच्यांचा संघ १३३ धावांत गारद झाला आणि त्याला पुन्हा खेळावे लागले.

दुसऱ्या डावातही गडी भराभर बाद झाले. तेव्हा हजारे यांच्या जोडीला त्यांचे धाकटे बंधू विवेक आले. दोघा भावांनी मिळून ३०० धावांची भागी केली. त्यांत विवेक यांचा वाटा होता २१ धावांचा. बाकी साऱ्या धावा थोरल्याच्या. संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्या विजय हजारे यांच्या ३०९. तरीही सामना एक डाव आणि ६१ धावांनी गेलाच.

या सामन्याचा विचार करताना आमचे मन नेहमी विवेक हजारे यांच्यापाशी थांबते. तासन् तास दुसऱ्या टोकाला उभे राहायचे, आपली यष्टी सांभाळायची आणि भावाला खेळू द्यायचे. विक्रमाच्या यादीत नाव थोरल्याचे आले. पण धाकटा उभा राहिला नसता तर ३०९ झालेच नसते. आपल्या प्रत्येक घरात असा एखादा विवेक असतो. एका भावाचे शिक्षण व्हावे म्हणून दुसरा कोयता हाती घेतो, बहीण लवकर शाळा सोडते. त्यांच्या २१ धावा कुठेच लिहिल्या जात नाहीत.

धर्मावर संघ पाडणारी ही स्पर्धा १९४६ मध्ये बंद झाली. ते बरेच झाले. हजारे यांनी स्वतः त्या वाटण्यांच्या पलीकडचा खेळ मार्च १९४७ मध्ये बडोद्यात दाखवला. होळकर संघाविरुद्ध रणजीचा अंतिम सामना होता. हजारे यांच्या जोडीला लाहोरचे गुल महंमद होते. दोघांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. हजारे २८८, गुल महंमद ३१९. कोणत्याही गड्यासाठी जगातील सर्वांत मोठी भागी म्हणून हा विक्रम २००६ पर्यंत टिकला. फाळणी त्या वेळी पाच महिन्यांवर आली होती. बाहेर माणसे एकमेकांपासून तुटत होती आणि मैदानात सांगलीचा ख्रिस्ती व लाहोरचा मुसलमान एका मराठी राजाच्या संघासाठी एकमेकांच्या हाकेवर विश्वास ठेवून धावत होते. धाव घेताना जोडीदाराच्या शब्दावर विसंबावेच लागते. नाहीतर दोघांपैकी एक जण धावबाद होतो.

ॲडलेड

१९४६ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यांचे कसोटी पदार्पण झाले. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड येथे त्यांनी जे केले ते कोणत्याही भारतीयाने तोवर केले नव्हते. डॉन ब्रॅडमन यांच्या ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर रचला होता. समोर लिंडवॉल आणि मिलर यांची तुफान गोलंदाजी. हजारे यांनी पहिल्या डावात ११६ आणि दुसऱ्या डावात १४५ धावा केल्या. दुसऱ्या डावात सबंध संघाच्या धावा २७७, म्हणजे निम्म्याहून अधिक एकट्याच्या. भारत एक डाव आणि १६ धावांनी हरला. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्याच मालिकेत आपल्या मध्यमगती गोलंदाजीने त्यांनी ब्रॅडमन यांचा दोनदा त्रिफळाही उडवला.

फेब्रुवारी १९४९ मध्ये मुंबईत वेस्ट इंडिजविरुद्धच्या कसोटीत भारताला जिंकण्यासाठी ३६१ धावा हव्या होत्या. हजारे यांनी १२२ केल्या. वेळ संपली तेव्हा ८ बाद ३५५ झाल्या होत्या. विजयाला फक्त ६ धावा कमी पडल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी इंग्लंडची वाट धरली. या वेळी देशाच्या संघातून नव्हे, एकटेच आणि पोटासाठी.

गिरणीगावातील पगारी खेळाडू

इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या उत्तरेला रॉसेंडेल नावाचे खोरे आहे. त्या खोऱ्यात रॉटेन्स्टॉल हे छोटे गाव. लँकाशायरचा हा सारा भाग कापसाच्या गिरण्यांचा. अमेरिकेत १८६० च्या दशकात यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस अडला, तेव्हा याच गिरण्यांसाठी वऱ्हाड-खानदेशचा कापूस जहाजांत भरून गेला होता. आपण ज्याला पांढरे सोने म्हणतो त्याचा धागा असा दूरवर पोहोचलेला आहे.

या गिरणीगावांतील क्रिकेटची रीत वेगळी होती. लँकाशायर लीगमधील प्रत्येक क्लबने एकच पगारी खेळाडू ठेवायचा, त्याला प्रोफेशनल म्हणत. बाकीचे दहा जण गावातलेच : कोणी गिरणीकामगार, कोणी कारकून, कोणी दुकानदार. शनिवारी दुपारी सामना. आठवडाभर यंत्रापुढे उभी राहिलेली माणसे बायकामुलांसह मैदानावर येत आणि पैसे देऊन तिकीट काढत. प्रोफेशनलने धावाही करायच्या, गोलंदाजीही करायची आणि इतर दिवशी संध्याकाळी गावातल्या पोरांना नेटमध्ये शिकवायचेही. त्याने अर्धशतक काढले किंवा भरपूर बळी घेतले की मैदानात झोळी फिरे आणि लोक आपापल्या ऐपतीप्रमाणे नाणी टाकत. तो खेळला तर क्लब जिंके. तो अपयशी ठरला तर सारे गाव त्याच्याकडे बोट दाखवी.

आमच्या मते हा कसोटी सामन्यापेक्षा कठीण प्रकार होता. कसोटीत अपयश अकरा जणांत वाटले जाते. इथे पगार एकट्याला, म्हणून दोषही एकट्याला. त्यात हवा थंड, खेळपट्टी ओलसर, महायुद्ध संपून चार वर्षे झाली तरी अन्नधान्य रेशनवर. वेस्ट इंडिजचे लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९ मध्ये नेल्सन क्लबात आले तेव्हापासून काळ्या-सावळ्या खेळाडूंना ही वाट मोकळी झाली होती. आपल्याकडचे अमरसिंग आणि लाला अमरनाथ युद्धापूर्वीच तिकडे खेळून आले होते. हजारे गेले त्याच १९४९ साली शेजारच्या बेकप गावी वेस्ट इंडिजचे एव्हर्टन वीक्स प्रोफेशनल म्हणून आले. अवघ्या काही मैलांवरच्या हॅसलिंग्डेनशी विनू मंकड यांचे नाव जोडले गेले. जगातले एकेक मोठे खेळाडू अशा लहानशा खोऱ्यात दर शनिवारी मजुरी करीत होते. हजारे पुढे त्याच परगण्यातील रॉयटन क्लबाकडूनही खेळले.

याच १९४९ च्या १ मे रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाश्रयाचे युग संपत होते. देशासाठी खेळणाऱ्याच्या हाती त्या काळी तुटपुंजा भत्ता पडे. अशा वेळी स्वतःच्या कौशल्याचा मोल ठरवून, करार करून, ठरलेला पगार घेणे हे आम्हांस राजाच्या मेहेरबानीपेक्षा अधिक स्वाभिमानाचे वाटते. त्या काळचे इंग्लिश क्रिकेट मात्र उलटे मानत असे. फुकट खेळणारा तो सद्गृहस्थ आणि पैसे घेणारा तो नुसता खेळाडू, असा भेद तिथे १९६२ पर्यंत अधिकृतपणे चालू होता. कित्येक मैदानांवर दोघांच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरण्याचे दरवाजेही वेगळे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ग्रीक विचारवंतांचे ग्रंथ वाचले. त्यांतही मोबदल्यासाठी केलेले काम कमी प्रतीचे मानलेले आढळते. तेव्हा आम्हांला ते पटले होते. गेली काही वर्षे बीड जिल्ह्यात राहिल्यावर पटत नाही. ज्याच्या घरी धान्याची कणगी भरलेली आहे त्यालाच मजुरीत कमीपणा दिसतो. काम मनापासून केले की नाही हा खरा प्रश्न, पैसे घेतले की नाही हा नव्हे. रॉटेन्स्टॉलच्या पोरांना नेटमध्ये शिकवताना हजारे पगार घेत होते, म्हणून ते शिकवणे हलके ठरत नाही.

एक फरक मात्र प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. हजारे यांच्या हाती हंगामापूर्वी ठरलेला करार होता. आपल्या माणसांच्या हाती मुकादमाची उचल असते आणि ती फिटेपर्यंत मान वर करता येत नाही. परगावी कामाला जाण्यात लाज नाही. लाज आहे ती कामगाराला करार, हिशेब आणि मुलांची शाळा न देणाऱ्या व्यवस्थेला.

कर्णधार

१९५१-५२ च्या हंगामात हजारे भारताचे कर्णधार होते. इंग्लंडचा संघ आला होता. भारताने १९३२ मध्ये पहिली कसोटी खेळल्यापासून वीस वर्षांत एकही सामना जिंकला नव्हता. मालिकेतील शेवटचा सामना मद्रासला ६ फेब्रुवारी १९५२ रोजी सुरू झाला, त्याच दिवशी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांचे निधन झाले. विनू मंकड यांनी दोन्ही डावांत मिळून १२ बळी घेतले, पंकज रॉय व पॉली उम्रीगर यांनी शतके केली आणि १० फेब्रुवारीला भारत एक डाव आणि ८ धावांनी जिंकला. भारताचा तो पंचविसावा सामना आणि पहिला विजय. कर्णधार आपले हजारे.

त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडात लीड्सच्या मैदानावर अगदी उलटे घडले. दुसऱ्या डावात फ्रेड ट्रूमन आणि ॲलेक बेडसर यांनी चार गडी बाद केले तेव्हा फलकावर भारताची एकही धाव नव्हती. शून्यावर चार. अशा वेळी कर्णधार मैदानात उतरले. पहिल्या डावात ८९ करणाऱ्या हजारे यांनी या वेळी ५६ केल्या आणि दत्तू फडकर यांच्या साथीने संघाला १६५ पर्यंत नेले. सामना वाचला नाही, पण अब्रू वाचली.

या दौऱ्यात पगाराचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. विनू मंकड यांना हॅसलिंग्डेनचा करार होता. संघात नक्की निवड होणार असेल तर आपण करार सोडू, असे त्यांचे म्हणणे. मंडळाने शब्द दिला नाही. मंकड क्लबाकडे गेले. लीड्सला हरल्यावर क्लबाची परवानगी मागून त्यांना बोलवावे लागले. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या आणि ७३ षटके टाकून ५ बळी घेतले. भारत तो सामनाही हरला, परंतु पोटासाठी खेळणाऱ्याची निष्ठा कमी असते हा समज त्या पाच दिवसांत खोटा ठरला.

मालिका भारताने ०-३ अशी गमावली. १९५३ मध्ये वेस्ट इंडिजच्या दौऱ्यात हजारे यांनी शेवटची कसोटी खेळली. ते मितभाषी, सरळ आणि संकोची होते. नेतृत्वाचा भार त्यांच्या स्वभावाला पेलला नाही आणि त्यामुळे त्यांच्या फलंदाजीचे नुकसान झाले, असे त्यांच्या समकालीनांपैकी अनेकांचे मत होते. ते खरे असावे. सज्जनपणा आणि नेतृत्व या दोन वेगळ्या देणग्या आहेत. त्या एकाच माणसाला मिळतात असे नाही, आणि एक नसली म्हणून दुसरीची किंमत कमी होत नाही.

३० कसोटींत ४७.६५ च्या सरासरीने २,१९२ धावा आणि ७ शतके. प्रथम श्रेणीत १८,७४० धावा, ६० शतके आणि ५९५ बळी. १९६० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे निवड समितीवर काम केले. १८ डिसेंबर २००४ रोजी, नाताळच्या आठवडाभर आधी, वयाच्या ८९ व्या वर्षी बडोद्यात ते प्रभूघरी गेले. देशातील राज्यांची एकदिवसीय स्पर्धा आज त्यांच्या नावाने खेळली जाते.

आपल्या जिल्ह्याचा धागा

ज्या लीड्सवर १९५२ मध्ये शून्यावर चार गडी गेले, त्याच मैदानावर पन्नास वर्षांनी, २००२ मध्ये, भारताचा एक सलामीवीर ढगाळ हवेत उभा राहिला आणि चेंडू अंगावर झेलत ६८ धावा करून गेला. भारताने तो सामना एक डावाने जिंकला. तो सलामीवीर संजय बांगर, जन्म बीडचा. आणि २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ४ बाद ३२ अशी अवस्था असताना ९६ धावा करणारा सचिन धस, तोही बीडचाच. पडझडीत उभे राहणे ही जणू आपल्या दुष्काळी मातीची सवय आहे.

त्या मुलाने आमची सारी गोष्ट ऐकून घेतली आणि शेवटी एवढेच विचारले की हजारे हंगाम संपल्यावर घरी परत यायचे का? आम्ही म्हटले, हो, यायचे. तो पळत पुन्हा खेळायला गेला.

पट्टा पडून आपली माणसे परततील त्या रविवारी मिस्सानंतर आवारात त्यांच्या मुलांबरोबर क्रिकेटचा सामना ठेवण्याचे आम्ही योजले आहे. बॅट आणि स्टंप चर्चच्या खोलीत आहेत. चेंडू कोणीतरी आणावा.